साठ हातांचा पलंग

२०२५ सालच्या दारफाळणीच्या सणाची, म्हणजे आम्हा बेने इस्रायल ज्यूंच्या योम किप्पूरच्या उपासाची गोष्ट आहे. बुधवार, १ ऑक्टोबर, दुपारचे साडेचार वाजले असतील. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकून, आंघोळी करून, पांढरे कपडे घालून सिनेगॉगमध्ये पोचायचं होतं. गॅसवर नारळाच्या रसातली कोंबडी शिजत होती आणि पाच मिनिटं टेकावं म्हणून मी सोफ्यावर बसले नि मोबाईल हातात घेतला. दरवर्षी त्या दुपारी मी एक मेसेज टाकते, गेल्या वर्षभरात कळत नकळत माझ्याकडून तुमचं मन दुखावलं असेल तर मनापासून माफी मागते, असा. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये ८४ माणसं आहेत. इस्रायलमधल्या अश्दोदची नणंद, पुण्याला रास्ता पेठेतली मामी, आमची लेक, शाळेतल्या मैत्रिणी, बिल्डिंगमधल्या दोघी-तिघी, सगळी. मेसेज पाठवला, आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला टिंग वाजलं. ह्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचलं, अंगठ्याने काहीतरी दाबलं आणि फोन उलटा करून ठेवला. माझा फोन हातात थरथरला. हात जोडलेला इमोजी होता. मग "कोंबडी लागतेय का बघतो" म्हणून हे उठून आत गेले.

आम्ही एकाच सोफ्यावर बसलो होतो.

यात एवढं काय, असं कुणीही म्हणेल. लिस्टमध्ये नाव होतं म्हणून मेसेज गेला, आला म्हणून उत्तर दिलं. पण मला ते लागलं, आणि लागलं ते ह्यांचं नाही, माझंच. कारण नियम अगदी साधा आहे, लहानपणी आम्हाला मिश्नातलं, म्हणजे आमच्या धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथातलं, दुसरं काही कुणी शिकवलं नसेल पण हे सगळ्यांना पाठ होतं, की देवाशी तुमचं जे काही चुकलंय ते योम किप्पूरला फिटतं, पण माणसाचं माणसाशी जे चुकलंय ते देवसुद्धा फेडू शकत नाही. त्याच्याकडे जायचं आणि त्याला राजी करायचं. जायचं म्हणजे पायांनी जायचं, तोंडाने बोलायचं. म्हणून वडील आदल्या दिवशी सायकल काढून चार घरी जाऊन यायचे, काकांशी जमिनीवरून तेढ होती तरी जायचे, आणि येताना डोळे लाल असायचे. मी मात्र ८४ जणांची एक मोळी बांधली आणि त्या मोळीत नवराही बांधून टाकला. त्याहून वाईट म्हणजे, कोंबडीला खोबरेल फोडणीचा वास सुटला होता आणि मी तिथे बसून आठवत होते, तर सत्तावीस वर्षांत मी ह्यांच्याकडे एकदाही माफी मागितलेली नाही. मोळीतली सोडून एकदाही नाही.

मग सूर्य कलायला लागला, फोन बंद करून कपाटात ठेवला आणि आता दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत तो उघडायचा नव्हता. पंचवीस तास तो इमोजी आत कपाटात, साड्यांच्या खाली, हात जोडून बसलेला.

आम्ही ठाण्याला चरईत राहतो, आमचं सिनेगॉग शाआर हश्शामाईम तिथून दहा मिनिटांच्या चालीवर. त्या वर्षी तिथींचा असा काही मेळ बसला होता की आमचं नवं वर्ष लागलं घटस्थापनेच्या संध्याकाळी आणि योम किप्पूर आला बरोबर दसऱ्याला, त्यात गांधी जयंती. म्हणजे कोल निद्रेची, योम किप्पूर सुरू होतो ती रात्र ही नवमीची रात्र. ज्यांनी टेंभी नाक्यावरचं नवरात्र बघितलंय त्यांना सांगायला नको. रोषणाईच्या माळा, रस्ताभर पाळणे नि खेळण्यांचे स्टॉल, भुट्ट्याचा धूर, ओट्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायका, आणि त्या गर्दीतून आम्ही पांढरे कपडे घातलेली दहा-बारा माणसं वाट काढत चाललेलो. त्या दिवशी चामड्याचं पायात घालत नाहीत म्हणून ह्यांनी पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते, मी रबरी चपला. हे नेहमीसारखे पाच पावलं पुढे. लग्न झाल्यापासून हे पाच पावलं पुढे चालतात, आधी मला राग यायचा, मग मी चालणं वाढवलं, मग ते सोडून दिलं, आता त्यांची पाठ दिसली की रस्ता बरोबर आहे एवढंच कळतं. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा नीट बघितलं तर उजवा पाय थोडा ओढत होते. कधीपासून, ते मला माहीत नाही.

दारफाळणी हा शब्द माझ्या आजीचा. ती योम किप्पूर म्हणायचीच नाही. आमच्या जुन्या लोकांनी कोकणात राहून सणांना आपली नावं ठेवली, रोश हशानाला नव्याचा सण, पुरीमला होळीचा सण, आणि ह्या सणाला दारफाळणीचा, कारण त्या दिवशी घराचं दार लावून आत बसायचं, कुणात मिसळायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. दुसरा दिवस शिळा सण, तेव्हा दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचं. आजी सांगायची की ह्या दिवसांत गेलेली माणसं घरी येऊन जातात म्हणून घरात कुणी वर आवाज काढायचा नाही. मला त्या वयात ते दार लावणं भीतीचं वाटायचं. आता वाटतं की शेणाने सारवलेल्या दोन खोल्यांत, पाण्याचा घोट नाही, काम नाही, शेजार नाही, अशी नवरा-बायको पंचवीस तास एकमेकांसमोर बसत असतील तेव्हा काय होत असेल? बोलत असतील का? आजोबा तसे कमी बोलणारे. पण आजी शिळ्या सणाच्या सकाळी हलकी झालेली असायची हे मला पक्कं आठवतं, गुणगुणत भाकरी थापायची.

आमच्याकडे सध्या दोन दारं आहेत. लेक इस्रायलला गेल्यापासून हे तिच्या खोलीत झोपतात. भांडण नाही, कुणी काही ठरवलं नाही, म्हणजे अगदी सहज झालं ते. मला एक्कावन्नावं लागलं आणि रात्री दोन-अडीचला अंगातून वाफा निघायला लागल्या, पंखा पाचवर आणि खिडकी उघडी, पांघरूण लाथेने खाली. ह्यांना सायनस. शिवाय घोरणं. एकदा ताप होता म्हणून आठ दिवस ते त्या खोलीत झोपले आणि मग तिथेच राहिले, उशी गेली, मग चार्जर गेला, मग हळूहळू बीपीच्या गोळ्यांचा डबा गेला. डबा गेला त्या दिवशी मला कसंतरी झालं होतं. पण त्यावर बोलायचं काय, गोळ्यांच्या डब्यावर कुणी बोलतं का.

लॉकडाउनात आम्ही पाच-सहा बायकांनी झूमवर एक क्लास लावला होता, गमाराचे, म्हणजे मिश्नावरच्या जुन्या चर्चांचे, तुकडे वाचायचे, इंग्रजीतून नि मग आपापसात मराठीत. आयुष्यभर सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, उघडून हिब्रू घडाघडा वाचलं पण अर्थ कशाचा माहीत होता, ‘ऐक, इस्रायल’ ही शेमाची प्रार्थना सोडून? त्या क्लासात एकदा गमाराच्या सान्हेद्रिन नावाच्या भागातलं एक वाक्य आलं. कुणीतरी माणूस म्हणत असे, की आमचं प्रेम जोरात होतं तेव्हा आम्ही तलवारीच्या पात्यावर झोपायचो, आणि आता प्रेम जोरात नाही तर साठ हातांचा पलंगही आम्हाला पुरत नाही. तिथे तो दाखला देवाचा आणि इस्रायलचा आहे, ज्या देवाचा वास आधी कराराच्या कोशाच्या, म्हणजे दहा आज्ञांच्या पेटीच्या, झाकणावरच्या टीचभर जागेत मावत होता त्याला नंतर शलोमोचं एवढं मोठं मंदिरही अपुरं पडलं, असं पुढे लावून दाखवलंय. पण त्या दिवशी झूमवर कुणीच देवाचं बोललं नाही. सगळ्या पन्नाशीच्या बायका. थोडा वेळ सगळ्यांचे चौकोन नुसते गप्प. मग ठाण्याचीच एक म्हणाली, साठ हात म्हणजे नव्वद फूट की गं, आपला ब्लॉकसुद्धा तेवढा लांब नाही. मी तेव्हा हसले होते आणि कॅमेरा बंद केला होता.

मला त्या वाक्यातली एक गोष्ट अजून खुपते, की तो माणूस ते सांगतो कसा, अगदी साधं, हवापाणी सांगावं तसं. कुणाची चूक म्हणत नाही. बायकोने असं केलं, माझं तसं झालं, काही नाही. प्रेम जोरात होतं, आता नाही, आणि पलंग पुरत नाही. आमच्या लोकांनी हे वाक्य दीड हजार वर्षं पवित्र ग्रंथात जपून ठेवलं ह्याचं मला फार अप्रूप वाटतं, कुणी खोडलं नाही, कुणी म्हटलं नाही की हे काय धर्माच्या पुस्तकात.

आणि एक गोष्ट जी मी क्लासात बोलू शकले नाही ती इथे लिहिते. आजीच्या पिढीत बायका ते दिवस पाळायच्या. पाळीचे दिवस, मग मोजलेले सात दिवस, मग स्नान, मग परत नवऱ्याजवळ. मी तरुणपणी ह्यावर खूप चिडायचे, आम्ही काय अपवित्र आहोत का, आणि ती चीड मला आजही बरोबरच वाटते. पण पाळी गेल्यानंतर एक दिवस असंच बाथरूममध्ये केस पुसताना मनात आलं, की त्यात लांब जाण्याला जसा दिवस होता तसा परत येण्यालाही दिवस ठरलेला होता. भांडण असो, अबोला असो, ती रात्र आली की यायचं. आता मला लांब राहा म्हणणारा कुठला कायदा नाही, आणि परत जा म्हणणाराही नाही. लांब मात्र आम्ही गेलोच, कुणी न सांगता.

ह्यांच्याशी लग्न झालं ते डिसेंबर १९९८ मध्ये, त्याच सिनेगॉगमध्ये. आमच्यात नवरी दारातून आत यायला लागली की नवरा तेव्यावर, म्हणजे मधल्या प्रार्थनेच्या चौथऱ्यावर, उभा राहून तिच्याकडे तोंड करून ‘योनाथी’ म्हणतो, माझ्या पारवे, तुझं तेज असं नि तसं. नवऱ्याने एकट्याने म्हणायचं असतं. मुलं महिना महिना आधीपासून प्रॅक्टिस करतात. ह्यांचा आवाज भरदार नाही आणि त्या दिवशी सर्दीने घसा बसला होता. मी दारात उभी, हातातल्या फुलांचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि हे दुसऱ्या ओळीवर फाटले. फाटले म्हणजे आवाजच फुटेना. शेकडो माणसं. कुणीतरी हज्जानला, प्रार्थना म्हणणाऱ्याला, खूण केली की तुम्ही सुरू करा. ह्यांनी हात वर करून त्याला थांबवलं, घोट गिळला, आणि परत पहिल्यापासून, हळू, जवळजवळ बोलल्यासारखं म्हटलं, सगळं पूर्ण म्हटलं. मी तेवढा वेळ अर्ध्या वाटेत उभी होते. पुढे जाऊ की थांबू कळत नव्हतं, थांबले. त्या माणसाबद्दल मला त्या क्षणी जे वाटलं होतं ते मी पुढे कितीतरी वर्षं विसरून गेले, म्हणजे लग्नाचा किस्सा म्हणून सांगायचे सगळ्यांना, पण ते वाटणं विसरले होते.

आता ती दुसरी गोष्ट, जी मोळीत बांधली होती.

२०१९ मध्ये ह्यांची कंपनी बंद झाली. बावीस वर्षांची नोकरी होती, टूल रूममध्ये. एक दिवस गेटवर नोटीस लागली आणि मग पुढचे सात-आठ महिने हे घरी. लेकीची इंजिनीअरिंगची फी, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि मी शाळेतून येऊन सगळं करायचे. सासूबाईंचं तीन वर्षं केलं मी, आणि ह्यांनी त्याबद्दल एक शब्द कधी काढला नाही, ते माझ्या पोटात होतं, ते खरं आहे, पण ते कारण म्हणून सांगत नाही. एका रात्री जेवायला बसलो होतो तिघं. वरण खाली लागलं होतं, वास येत होता, मी चिडलेलीच होते. लेक फीची तारीख म्हणाली. आणि मी म्हटलं, तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर आत्तापर्यंत काहीतरी केलं असतं. लेकीसमोर. ओरडले नाही, शांतपणे म्हटलं, ते जास्त वाईट. ह्यांनी हातातला घास तसाच तोंडात घातला, चावला, जेवण पूर्ण केलं. मग उठले, मोरीत जाऊन स्वतःचं ताट स्वतः घासलं, पुसून फळीवर ठेवलं.

त्या दिवसापासून हे रोज स्वतःचं ताट घासतात. सकाळ-संध्याकाळ. पुढे दुसरी नोकरी लागली तरी, पाहुणे असले तरी. माझ्या बहिणी म्हणतात नशीबवान आहेस, एवढं कुठला नवरा करतो. मैत्रिणी आपल्या नवऱ्यांना उदाहरण देतात. मी हो म्हणते. सहा वर्षं मी हो म्हणतेय, आणि नळाखाली ते ताट घासल्याचा आवाज, स्टीलवर राख-साबणाची घासणी फिरते तो, दिवसातून दोनदा ऐकतेय.

योम किप्पूरच्या दिवशी सिनेगॉगमध्ये पापांची कबुली म्हणतात, विद्दूय. अक्षरमालेच्या क्रमाने, एकेका अक्षरावर एकेक पाप, आणि प्रत्येक शब्दाला मुठीने हलकेच छातीवर ठोकायचं. दिवसभरात पुन्हा पुन्हा येते ती. सगळी क्रियापदं अनेकवचनी आहेत, आम्ही चुकलो, आम्ही दगा केला, आम्ही वाईट बोललो. ह्याचं कौतुक मला आधीपासून आहे, की एकट्याला उभं करत नाहीत, न केलेलं पापही सगळ्यांबरोबर आपल्या माथ्यावर घ्यायचं म्हणजे ज्याने केलंय तो उघडा पडत नाही. त्या दिवशी, दुपारच्या दोनच्या सुमारास, जीभ टाळ्याला चिकटलेली, बायकांच्या बाजूला माझ्या शेजारच्या म्हातारबाईंच्या हातातली लवंगा टोचलेली ईडलिंबाची चकती हुंगत मी उभी होते आणि त्या ‘आम्ही’चा मला पहिल्यांदा आडोसा वाटला. म्हणजे मी वर्षानुवर्षं त्या आम्हीच्या मागे उभी आहे. घरीसुद्धा. आमचं जमत नाही, आमच्यात बोलणं कमी झालंय, आम्ही जरा लांब गेलो, असं मी बहिणीला सांगते तेव्हा किती सोपं जातं. मी लेकीसमोर त्यांना असं बोलले, हे एकवचनात मी कुणालाही सांगितलेलं नाही.

समोर पुरुषांत हे उभे होते. तल्लीत, प्रार्थनेची शाल, पांघरलेली, ती त्यांच्या वडिलांची, एका कोपऱ्याला रफू केलेली. पाठ थोडी वाकली आहे. हे पुस्तकात बघत नव्हते, वर हेखालच्या, तोराच्या गुंडाळ्या ठेवतात त्या कपाटाच्या, पडद्याकडे बघत होते, आणि मूठ छातीवर जात होती, येत होती. काय आठवत असतील? माझ्याबद्दलचंही काही असेल ना त्यांच्या यादीत. असायलाच हवं, तीन वर्षांच्या बेडपॅन आहेत. मला एकदम वाटलं की मला ते ऐकायचंय. पण त्याआधी मी बोलायला हवं, नाहीतर तो सौदा होईल.

ह्या बाबतीत मला गमारातली, मोठा पंडित झालेल्या रब्बी अकिवाची गोष्ट आठवते आणि ती मला आवडत नाही. बायकोच्या आग्रहावरून अकिवा शिकायला घर सोडून गेला, बारा वर्षांनी परत आला, दाराशी पोचला तर आतून बायको कुणाला तरी सांगत होती, की माझं ऐकत असेल तर अजून बारा वर्षं जाऊन शिकू दे. हे ऐकून तो तसाच दारातून मागे फिरला. चोवीस वर्षांनी हजारो शिष्य घेऊन आला आणि ती पायाशी आली तेव्हा शिष्यांना म्हणाला, माझं आणि तुमचं जे काही आहे ते तिचं आहे. ह्या शेवटच्या वाक्यावर सगळे भारावतात, मीही भारावते. पण मला त्या मधल्या दिवशीचं दार दिसतं. परवानगी बाहेरून ऐकून, आत न येता, पाणीसुद्धा न पिता माणूस गेला कसा? एकदा तोंड तरी दाखवायचं. आणि त्याच अकिवाच्या नावावर ते दुसरं वचन आहे, की ईश आणि ईशा, पुरुष आणि स्त्री, ह्या दोन शब्दांत देवाच्या नावातलं एकेक अक्षर आहे, एकात योद, एकात हे, आणि ती दोन अक्षरं काढली की दोन्हीकडे उरते ती एश, म्हणजे आग. लायक असतील तर देव दोघांच्या मध्ये असतो, नसतील तर आग त्यांना खाते. मला विचाराल तर तिसरंही काहीतरी असतं. देव गेलेला नाही आणि आगही नाही, नुसती राख धरलेली, जिच्यावर रोजचा स्वयंपाक व्यवस्थित होतो.

लहानपणी वडील आम्हाला नवगावला घेऊन गेले होते, अलिबागजवळ, समुद्राला लागून. तिथे आमचं सगळ्यात जुनं कब्रस्तान आहे. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली ती दोन ढिगांत पुरली, अशी आमची कथा. सगळी पुस्तकं पाण्यात गेली, लक्षात राहिला तो शेमा. वाऱ्याने डोळ्यांत वाळू जात होती आणि वडील सांगत होते, आपण सगळे त्या सात जोडप्यांची पोरं. मला तेव्हा प्रश्न पडला होता की ते आधीपासून नवरा-बायको होते का. की ज्याची बायको बुडाली आणि जिचा नवरा बुडाला त्यांची नंतर लग्नं लागली? वडिलांनी उत्तर दिलं नव्हतं, बहुतेक त्यांना तो प्रश्न आवडला नाही. आता मला वाटतं दोन्ही सारखंच. सत्तावीस वर्षं झाली की ज्याच्याशी लग्न केलं तो माणूस कुठेतरी मागे पाण्यात राहिलेला असतो, आपणही राहिलेलो असतो, आणि किनाऱ्यावर जे दोघं उभे असतात त्यांना परत ओळख करून घ्यावी लागते. सगळं वाहून गेलं तरी एक ओळ पाठ राहिली तर तेवढ्यावर त्या लोकांनी दोन हजार वर्षं काढली. आमची ती एक ओळ कुठली असेल, हे मी नेइलाच्या वेळी उभी राहून शोधत होते. नेइला म्हणजे शेवटची प्रार्थना, दार लागायच्या आधीची. हेखाल उघडा ठेवतात आणि ज्यांना उभं राहवतं ते सगळे शेवटपर्यंत उभे राहतात. बाहेर टेंभी नाक्यावर ढोल-ताशा सुरू झाला होता, देवीची मिरवणूक निघायची होती. आत हज्जानचा बसलेला आवाज, बाहेर ताशा, आणि मला ह्यांचा १९९८ सालचा फाटलेला आवाज आठवला आणि हज्जानला थांबवणारा तो वर केलेला हात.

मग शोफार, सण संपल्याचं शिंग, वाजला. लांबलचक.

बाहेर पडलो तेव्हा साडेसात होत आले असतील. सगळे एकमेकांना हातबोशी करत होते, समोरच्याचे हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे आणि मग आपली बोटं ओठांना लावायची, लहानथोर सगळ्यांशी. सरबताचे ग्लास फिरत होते. हे पाच पावलं पुढे निघाले. रस्ता गुलालाने लाल, डीजेने छातीत धडधड होत होतं, रोजाने, दिवसभराच्या उपासाने, पाय लटपटत होते. मी म्हटलं, अहो, थांबा ना. ऐकू गेलं नाही. धावले थोडी, मागून सदरा धरला. हे वळले, घाबरले, चक्कर येते का म्हणाले. मी म्हटलं, नाही, मी तेव्हा जेवताना जे बोलले होते ना, तुमच्या जागी दुसरा कुणी असता म्हणून, त्याची माफी मागायची आहे.

"काय?" हे ओरडले, कानामागे हात धरून. डीजे अगदी शेजारून चालला होता.

एकदा बोलायला मला सहा वर्षं लागली होती. दुसऱ्यांदा तेच, आणि मोठ्याने, आणि पांढऱ्या साडीत गुलालात उभं राहून बोलायचं होतं. बोलले. ओरडूनच बोलले. लेकीसमोर बोलले ते चुकलं, म्हटलं, माझं चुकलं. शेजारून जाणाऱ्या एका पोराने वळून बघितलं. ह्यांचा चेहरा बराच वेळ काही बदलला नाही, मला वाटलं आताही ऐकू गेलं नाही की काय.

मग हे म्हणाले, "वरण लागलं होतं त्या दिवशी."

एवढंच. आणि माझा सदऱ्यावरचा हात काढला नाही, तसाच राहू देऊन चालायला लागले, त्यामुळे मला बरोबरीने चालावं लागलं. पाय खरंच ओढतात. गुडघा आहे, दोन महिने झाले म्हणाले, मी विचारलं तेव्हा.

घरी आलो तर दाराच्या कडीला बिल्डिंगमधल्या कुणीतरी आपट्याची पानं खोचून ठेवली होती, चौकटीवरच्या मेझुझाच्या, शेमा लिहिलेल्या डबीच्या, बरोबर खाली. जेवलो, काल झाकून ठेवलेला भात आणि रस्सा. जेवून हे उठले, स्वतःचं ताट उचललं. मी म्हटलं, राहू द्या ना आज. "अगं, सवय झाली आता," म्हणाले, आणि दुसऱ्या हाताने माझंही ताट घेऊन आत गेले. मी बसून राहिले. नळ सुरू झाला. घासणीचा तोच आवाज, जरा जास्त वेळ चालला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, संध्याकाळी शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, लागणार. किद्दूशच्या, शब्बाथच्या आशीर्वादाच्या, सरबतासाठी काळ्या मनुका आदल्या रात्री भिजत घालायच्या असतात आणि ते काम लग्नापासून ह्यांचं आहे, रात्री भिजवायच्या, सकाळी कुस्करायच्या, मलमलच्या फडक्यातून पिळून गाळायच्या, दिवसभर नखं काळपट-जांभळी राहतात. लेक होती तेव्हा मोठा डबा भरून करायचे. ओल्या हातांनी बरणी घेऊन हे स्वयंपाकघराच्या दारात आले.

"आईच्या वेळचं," म्हणाले आणि थांबले. बरणीचं झाकण उघडलं, परत लावलं. "त्याबद्दल मी कधी बोललो नाही."

मी काही म्हटलं नाही. बाहेर ढोल लांब गेला होता.

"किती घेऊ?" म्हणाले.

मी म्हटलं, दोन मुठी घ्या.